वाचन तपासण्यासाठी रनिंग रेकॉर्ड: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मुलांचं वाचन तपासण्यासाठी गेले काही महिने मी प्राथमिकच्या वर्गात रनिंग रेकॉर्ड वापरते आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी ही पद्धत विकसित केली. मूल उतारा मोठ्याने वाचतं आणि आपण शेजारी बसून प्रत्येक शब्दाची खूण करत जातो. बरोबर वाचला की टिक. चुकला तर मुलाने जे म्हटलं ते वर आणि मूळ शब्द त्याच्या खाली. गाळला तर आडवी रेघ. चुकून मग आपलं आपण सुधारलं तर मी 'स्व' लिहिते, आणि ती चूक मोजत नाही. शंभर शब्दांत सात चुका झाल्या तर अचूकता 93 टक्के. 95 किंवा त्याच्या वर असेल तर उतारा त्या मुलासाठी सोपा, 90 ते 94 म्हणजे मदत घेऊन वाचण्याजोगा, 90 च्या खाली अवघड.

माझं स्पष्ट मत असं की या पद्धतीत टक्क्यांपेक्षा चुकलेले शब्द जास्त मोलाचे आहेत. दोन मुलांची अचूकता सारखीच 92 येते. एक जण 'मोठा'चं 'माठा' आणि 'कैरी'चं 'केरी' वाचतो. दुसरी 'निघाला'च्या जागी 'गेला' म्हणते, 'झाड'च्या जागी 'झुडूप'. पहिल्याची मात्रा कच्ची आहे. दुसरी संदर्भ, चित्र किंवा पहिलं अक्षर पाहून अंदाजाने पुढे जाते आहे. गुणपत्रिकेत दोघं एकाच रांगेत बसतील, पण उद्या सकाळी दोघांना द्यायचं काम पूर्ण वेगळं आहे. हे कळण्यासाठी एवढा खटाटोप करावा, असं मला मनापासून वाटतं.

आपलं आपण सुधारणं ही तर मला सर्वांत आशादायक खूण वाटते. 'आजीने टोपली उचलली' हे वाक्य मूल 'आजीला टोपली...' असं सुरू करतं, 'उचलली'पाशी थबकतं, मागे येऊन 'आजीने' म्हणतं. म्हणजे ते वाचताना स्वतःचं ऐकतं आहे, अर्थ जुळतो का ते पाहतं आहे. अशा वेळी आपण पटकन शब्द सांगून टाकला, तर ही खूण उमटायची संधीच जाते. दोन-तीन सेकंद थांबायला शिकावं लागतं आणि ते वाटतं त्यापेक्षा कठीण आहे.

मराठीसाठी दोन गोष्टी मात्र आपल्या आपण ठरवाव्या लागतात. ही टक्केवारी इंग्रजी वाचनातून आलेली आहे. आपल्याकडे 'शाळेतल्यांनासुद्धा' हा एक शब्द असतो, इंग्रजीत त्यासाठी चार-पाच लागतात. त्यामुळे मराठीतले शंभर शब्द वाचायला बरेच जड असतात आणि 90-95 च्या रेषा फार काटेकोर धरण्यात अर्थ नाही. प्रत्ययाची चूक मी वेगळ्या रंगाने लिहिते. दुसरी गोष्ट बोलीची. घरी 'पानी' म्हणणारं मूल 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचत असेल, तर त्याने तो शब्द ओळखलेलाच आहे. ती वाचनाची चूक नाही, मोजू नये.

प्रत्येक चूक अर्थामुळे झाली, वाक्यरचनेमुळे की अक्षराच्या रूपामुळे, हे तीन रकान्यांत भरायची रीतही या पद्धतीत आहे. मी ते रकाने सोडून दिले. एका शब्दावरून मुलाच्या डोक्यात काय चाललं ते सांगणं म्हणजे आपणच अंदाज बांधणं. शिवाय या रकान्यांमागच्या विचारावर, म्हणजे संदर्भावरून शब्द ओळखायला शिकवण्यावर, वाचनाच्या अनेक अभ्यासकांचा आक्षेपही आहे.

या टक्केवारीतून आकलन कळत नाही, ही मोठी उणीव आहे. 98 टक्के अचूक वाचून गोष्ट सांगता न येणारी मुलं प्रत्येक वर्गात भेटतात. गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडलं की वाचून समजणं म्हणजे अक्षर उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, त्यामुळे एक बाजू शून्य असली की सगळं शून्य. म्हणून वाचन झालं की मी आधी 'काय झालं ते सांग' एवढंच म्हणते. प्रश्न नंतर, आणि त्यातला एक असा की ज्याचं उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं नाही.

वेळ खूप जातो, हे खरंच. मोठ्या वर्गात रोज दोन-तीन मुलंच होतात आणि तेवढा वेळ बाकीच्यांना एकट्याने करता येईल असं काम द्यावं लागतं. अडखळणाऱ्यांना वारंवार, सराईत वाचणाऱ्यांना सत्रातून एकदा, अशी वाटणी मला जमली.

लेखनासाठी ही पद्धत उपयोगाची नाही. तिथे श्रुतलेखन आणि मुक्तलेखन दोन्ही शेजारी ठेवून पाहावं. श्रुतलेखनात रफार, जोडाक्षरं, अनुस्वार कुठे सुटतात ते दिसतं. मुक्तलेखनात मूल न येणारे शब्द टाळतं, त्यामुळे वही स्वच्छ दिसते आणि मजकूर मात्र चार ओळींत संपतो. तेच मूल तोंडी किती सांगतं ते आधी ऐकून घ्यावं. तोंडी भरभरून आणि कागदावर तुटपुंजं, असं असेल तर अडचण विचारांची नाही, हाताची आणि अक्षरांची आहे. अशा मुलाच्या वहीत सगळ्या चुका लाल करू नयेत. एका वेळी एकच प्रकार घ्यावा आणि आशयाला स्वतंत्र शेरा द्यावा.

सुरू करणार असाल तर उतारा पाठ्यपुस्तकाबाहेरचा निवडा. ऐकून ऐकून पाठ झालेला धडा मुलं न अडखळता म्हणतात. शंका आली तर मधलीच एखादी ओळ वाचायला सांगा, लगेच उलगडा होतो.