ओकॅमलमध्ये डेटा सेव्ह करायचा तर मार्शल घ्यावं की एस-एक्स्प्रेशन? काही महिने वापरून झाल्यावर लिहितोय

आमच्या बेळगावात उद्यमबागच्या एका फाउंड्रीसाठी जॉब-ऑर्डरचं सॉफ्टवेअर ओकॅमल ह्या प्रोग्रामिंग भाषेत केलंय, पावसाळ्याच्या आधीपासून रोज चालू आहे, आणि डेटा फाईलमध्ये टाकायचे दोन्ही मार्ग त्यात वापरून झालेत.

पहिला म्हणजे भाषेसोबतच येणारं मार्शल मॉड्यूल. ह्याला लिस्ट द्या, ट्री द्या, स्वतः केलेले व्हेरिएंट (ठरावीक पर्यायांचे टाइप) द्या, एका ओळीत फाईलमध्ये जातंय आणि एका ओळीत परत येतंय, स्पीड तर विचारूच नका. एकच पॅटर्न (साचा करायचा नमुना) बऱ्याच ऑर्डरींना लागला असेल तर तो एकदाच लिहिला जातो, आणि वाचल्यावर सगळ्या ऑर्डरी परत त्याच एका पॅटर्नला जोडलेल्या असतात, हे मला लई आवडलं. फंक्शन मात्र तसं जात नाही, वेगळा फ्लॅग द्यावा लागतो आणि मग ते त्याच बिल्डला, म्हणजे त्याच कंपाइल केलेल्या प्रोग्रामला, वाचता येतं.

पण फाईलमध्ये टाइप जातच नाही! कास्टिंगचं वजन आधी इंट (पूर्णांक) होतं, नंतर फ्लोट (दशांश) करायचं ठरलं, तेव्हा टेस्ट कॉपीवर जुनी फाईल नव्या प्रोग्रामने मुद्दाम उघडून बघितली. कंपायलर गप्प, फाईल वाचली गेली, आणि वजन छापायला गेलो तसा प्रोग्राम थेट सेगफॉल्ट, म्हणजे भलत्याच मेमरीला हात लावून बंद. कारण असं की इंट १२ मेमरीत २५ म्हणून बसतो, आणि नवा कोड त्या २५ ला पत्ता समजून तिथं फ्लोट शोधायला जातो. एवढी कडक टाइप असलेली भाषा आणि नेमकं इथं तिचं काही चालत नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून ऑर्डरी आता जेन स्ट्रीट ह्या ट्रेडिंग कंपनीच्या एस-एक्स्प्रेशन लायब्ररीवर आहेत, ती डेटा कंसातल्या साध्या मजकुरात लिहिते. टाइपखाली डिरायव्हिंगची एक ओळ लिहिली की वाचायचं-लिहायचं फंक्शन आपोआप तयार. फील्ड कमी पडलं तर त्या फील्डचं नाव घेऊन एरर येते, नव्या फील्डला डिफॉल्ट दिलं तर जुनी फाईल बिनबोभाट उघडते.

एक त्रास आमच्याकडं जास्तच जाणवतो. गिऱ्हाइकांची नावं काही मराठीत, काही कन्नडमध्ये, आणि माझ्याकडच्या व्हर्जनला दोन्ही लिप्यांचे बाइट आकड्यांत जातात, मराठीला \२२४\१६४ आणि कन्नडला \२२४\१७८ असं काहीतरी ओळभर. परत वाचताना नाव अगदी बरोबर येतं, पण फाईल उघडून डोळ्यानं नाव शोधायचं म्हटलं तर जमत नाही.

आणि सामायिक पॅटर्न इथं प्रत्येक ऑर्डरीत पुन्हा पुन्हा लिहिला जातो, त्यामुळं मी पॅटर्न वेगळ्या फाईलमध्ये ठेवलेत, ऑर्डरीत फक्त त्याचा नंबर. मार्शल काढलं नाही हं, रिपोर्टच्या कॅशला अजून तेच आहे, बिल्ड बदलली की ती फाईल पुसून नवी करतो.