बोर्ड गेला म्हणाले, निघाली एक पिन

एप्रिलमध्ये माझा कॉम्प्युटर काम करता करता बंद पडायला लागला. दहा-पंधरा मिनिटं ठीक, मग पंख्याची घरघर आणि खटकन स्क्रीन काळी. नाशिकची हवा थंड म्हणून मिरवायचे दिवस गेले. इंदिरानगरातल्या आमच्या वरच्या मजल्यावर दुपारी पारा चाळिशीला टेकतो. मी घरून हिशोबाची कामं करते. जीएसटी रिटर्नची २० तारीख तोंडावर होती, म्हणून घाईघाईत एम. जी. रोडजवळच्या एका दुकानात मशीन टाकलं.

दुकानदाराने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडून लाल खुणेची एक ओळ दाखवली, ‘कर्नल-पॉवर ४१’. म्हणाला, “ताई, पॉवर लिहिलंय बघा. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा गेला, आणि जाता जाता मदरबोर्डही घेऊन गेला. चिप लेव्हलचं, बोर्डावरच्या एकेका चिपचं काम आहे.” मला पटलं. नीट शटडाऊन न होता मशीन बंद पडलं की कारण कुठलंही असो, ही नोंद पडतेच. वायर उपटली तरी पडते. हे मला नंतर कळलं.

चार दिवसांनी मशीन मिळालं. बोर्ड दुरुस्ती ३,२००, एसएमपीएस १,८००, सर्व्हिस ५००. जुना एसएमपीएस मागितला तर “तो भंगारात गेला.” बिल मागितलं तर “पक्कं हवं असेल तर अठरा टक्के वाढतील.” दिवसभर लोकांची बिलं तपासणारी मी, गप्प बसले आणि ५,५०० रुपये देऊन आले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा स्क्रीन काळी. फोन केला तर आता प्रोसेसर गेल्याचं निदान, साडेआठ हजार.

तेव्हा कुठे भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर जा आणि प्रोसेसरचं तापमान वाच.” मी वाचत गेले: ७८, ८५, ९१. काहीही काम न करता आकडा डोळ्यांदेखत चढत होता. माझा प्रोसेसर आय-फाइव्ह ८४००, त्याची मर्यादा १०० अंश. तिथे पोहोचला की तो आधी वेग कमी करतो, तरी आवरलं नाही तर मशीन बंद पडतं.

प्लग काढून बाजूचा पत्रा उघडला. प्रोसेसरवरचा पंखा चार प्लास्टिकच्या पिनांवर बसतो. त्यातली एक वर आली होती आणि पंखा बोटाने हलत होता. प्रोसेसरची उष्णता वर नेणारी खालची पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली. पिन आधीपासून सुटलेली होती की दुकानात सुटली, देव जाणे. पण बोर्डाच्या स्क्रूंच्या खाचांत जुनी धूळ तशीच गच्च होती. चिप लेव्हलच्या कामाला बोर्ड बाहेर काढावा लागतो, आणि इथे स्क्रूला पेचकस लागलेलाच नव्हता!

अडीचशेची पेस्ट आणली, जुनी पुसून साबुदाण्याएवढा ठिपका लावला, पिना समोरासमोरच्या जोडीने ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबल्या. आता रिकामं असताना ४४, काम करताना ७०च्या आत.

खरी चाट पुढेच होती. भाच्याने टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघायला सांगितला. २१३३. मशीन २०१८ ला घेतलं तेव्हाच्या पावतीवर २६६६ च्या दोन पट्ट्या आहेत. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रामच्या एसपीडी पानावर एकेका पट्टीची कंपनी आणि वर्ष दिसतं. एक पट्टी भलत्याच कंपनीची, २०१६ ची निघाली. दोन्ही ८ जीबीच्या असल्यामुळे बेरीज १६ च येत होती, शंका कुठून येणार? एक पट्टी मंद असली की दुसरीही तिच्याच चालीने चालते.

म्हणून मशीन दुकानात टाकण्याआधी हे पान आणि रॅमवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, काढलेले जुने भाग परत देण्याचं आधीच कबूल करून घ्या आणि पक्कं बिल सोडू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण माझ्या हातात होतं फक्त व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेलं ‘५५००’.

तरी दुकानात गेले. रॅमचा विषय काढताच तो हसून म्हणाला, “तसं होणार नाही ताई. मशीन घेऊन या, उघडून चेक करू.”

नेलं नाही.