तीनचाकी मोटरसायकलसाठी जुना ट्रेलर घेताय? आधी माझा अनुभव वाचा

मला ट्रेलर विकणारा माणूस जे बोलला त्यातलं बरंचसं खरं होतं, आणि मी हे लिहायला बसलोय ते त्यामुळेच. साफ थापा मारणारा लवकर ओळखू येतो. खऱ्या गोष्टी भलत्याच जागी चिकटवून माल खपवणारा ओळखायला वेळ लागतो. मला तो वेळ सतराशे डॉलरला पडला.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. गुडघ्यांनी कुरकुर सुरू केल्यावर दोन चाकांवरची मोटरसायकल विकून मी कॅन-ॲम स्पायडर आरटी घेतली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: पुढे दोन चाकं, मागे एक, रोटॅक्सचं १,३३० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, सिग्नलला उभं राहताना पाय टेकायची गरज नाही. सामानाच्या कप्प्यांत एकूण १७७ लिटरची जागा आहे. कपड्यांना ती पुरते. पण आम्हा दोघांना बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात तंबू टाकायला जायचं होतं, आणि तंबू, कूलर, शेगडी त्यात मावणं शक्य नव्हतं. म्हणून मागे ओढायचा छोटा ट्रेलर. या गाडीला ४०० पौंड, म्हणजे सुमारे १८१ किलो ओढायची परवानगी आहे. हा आकडा ट्रेलर आणि त्यातलं सामान मिळून आहे, नुसत्या सामानाचा नाही. ट्रेलरच्या दांड्याचा हिचवर (गाडीच्या मागच्या जोडावर) येणारा भार ४० पौंडांच्या आत हवा. (होंडा गोल्डविंगच्या माहितीपुस्तकात तर गाडी ट्रेलरसाठी बनवलेलीच नाही असं छापलेलं असतं, तरी लोक सर्रास ओढतात. तो वेगळा विषय.)

मोटरसायकलचे नवे ट्रेलर महाग. म्हणून जुन्या मालाच्या जाहिराती चाळत होतो. त्यात हा सापडला: 'टुरिंग ट्रेलर, स्पायडर-रेडी, रिकामं वजन फक्त १९० पौंड, क्षमता १,००० पौंड, नामांकित कंपनीचा.' फोटोत लाल चकचकीत फायबरचा खोका, तोही माझ्या गाडीच्याच लाल रंगाचा. खालची फ्रेम एकाही फोटोत धड दिसत नव्हती.

भेट ठरली एका स्टोरेजच्या गाळ्यांसमोर, संध्याकाळी उशिरा. माणूस साठीचा, अतिशय गोड. स्वतःच्या ट्राइकचे, म्हणजे तीनचाकीचे, फोटो दाखवले, बायकोची पाठ दुखते म्हणून प्रवास बंद केला म्हणाला, भारतात कुठल्या गावचे वगैरे चौकशी केली. दिवे लावून दाखवले, ते स्वतःच्या पिकअपला जोडून. कागदपत्रांचं विचारलं तर म्हणाला, ''सर, टेक्सासमध्ये एवढ्या छोट्या ट्रेलरला टायटल लागत नाही. बिल ऑफ सेल पुरतं.'' घरून निघण्यापूर्वी फोनवर शोधून पाहिलं होतं: ४,००० पौंडांपर्यंतच्या खासगी ट्रेलरला खरंच टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, सक्तीचं नाही. माझं शोधणं आणि त्याचं बोलणं जुळलं, आणि त्याच्यावरचा विश्वास तिथेच पक्का झाला.

मग त्याने दोनशे डॉलर जास्तीचे मागितले, 'ट्राइकसाठी खास' फिरत्या कपलरचे. कपलर म्हणजे दांड्याच्या टोकाची वाटी, ती हिचच्या गोल बॉलवर बसते. दोन चाकांची मोटरसायकल वळणावर कलते, ट्रेलर कलत नाही. म्हणून तिच्यासाठी गोल फिरणारा कपलर घेतात. स्पायडर कलतच नाही. पुढची दोन चाकं जमिनीला धरून ती कारसारखी वळते. म्हणजे ज्या कारणासाठी तो कपलर असतो ते कारणच माझ्या गाडीत नाही, आणि तो विकला गेला 'तीन चाकांसाठी मुद्दाम' म्हणून. पुरती शेंडी लावली. वर औदार्य असं, की हिचचा बॉल त्याने फुकट दिला. रोख दिले तर पन्नास कमी करतो म्हणाला. सगळं मिळून सतराशे.

दिव्यांची जोडणीही त्याने 'मदत म्हणून' करून दिली. मोटरसायकलला ब्रेकचा दिवा आणि वळायचे दिवे वेगळे असतात. अमेरिकन ट्रेलरच्या चार तारांच्या जोडणीत ते एकाच तारेवर येतात: पिवळी डावी, हिरवी उजवी, तपकिरी मागचे दिवे, पांढरी अर्थिंग. मधे कन्व्हर्टर लागतो, आणि ट्रेलरच्या दिव्यांची वीज थेट बॅटरीवरून घ्यावी लागते, नाहीतर जास्तीचा भार गाडीच्या संगणकाला दोष वाटतो. त्याने तारा सोलून एकमेकींना पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. दोन मैलांत डॅशवर दोषाची सूचना पेटली.

हायवेवर ताशी साठ मैलांच्या वेगाला ट्रेलर मागे शेपटासारखा डुलत होता. वारा असेल म्हणून वेग कमी केला. घराजवळच्या वसाहतीत शिरताना स्पीड हंपवर मागून दाणकन आवाज आला, गाडीला हिसका बसला आणि थांबलो. कपलर बॉलवरून निघून दांडा खाली आला होता. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन बांधल्या होत्या, म्हणून दांडा त्यांच्या झोळीत अडकला, रस्त्यात रुतला नाही. अर्धा तास आधी, साठच्या वेगाला हे झालं असतं तर काय, हे बायकोने विचारलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

त्याला फोन केला. अगदी कळवळून म्हणाला, ''लॅच नीट बसला नसेल, सर. नव्या माणसाचं होतं असं.'' त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक काका आले. पिंपरीच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी आधी कपलर पुसला. वर ठसा होता दोन इंचांचा. फुकटचा बॉल निघाला १ ७/८ इंचाचा. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही. लॅच बंद होतो, हाताने हलवून पाहिलं तर पक्कं वाटतं, पण धक्का बसला की कपलर उसळतो. बॉलवरही माप कोरलेलं असतं. दोन्ही आकडे एकच हवेत.

मग काका चाकांकडे वळले. ''अरे, हे टायर उलटे बसवलेत.''

मी म्हटलं, ''काका, उलटे म्हणजे?''

''तारीख आत गेलीय. बाहेरून काळं पॉलिश मारून चकाचक केलंय, आणि वय झाकलंय.''

टायरवर डीओटीचा, म्हणजे अमेरिकी परिवहन खात्याचा, संकेतांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष. हा पूर्ण संकेतांक बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असतो. काका आडवे झाले, टॉर्च लावला आणि वाचलं: २३११. म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. खरं तर चाकंच फक्त आठ इंची. एवढं छोटं चाक हायवेवर कारच्या चाकापेक्षा कितीतरी जास्त फेरे घेतं, बेअरिंग तापतं. बाहेरच्या टोपीत नवं कोरं ग्रीस भरलेलं होतं. टोपी काढली तर आतलं बेअरिंग कोरडं आणि गंजलेलं.

सोमवारी काउंटीच्या टॅक्स ऑफिसात नोंदणीला गेलो. खिडकीतल्या बाईंनी ट्रेलरवरच्या पाटीचा फोटो पाहिला आणि लगेच परत केला. वाहनाच्या सतरा अक्षरी ओळख-क्रमांकात (व्हीआयएन) इंग्रजी 'ओ', 'आय' आणि 'क्यू' कधीच नसतात, शून्य आणि एकाशी गल्लत होऊ नये म्हणून. माझ्या पाटीवर दोन ठिकाणी 'ओ' होता. पाटी दुकानातून कोरून आणलेली. ट्रेलर मुळात कुठल्याही मोटरसायकल-ट्रेलर कंपनीचा नव्हता. घडीची स्वस्त फ्रेम, वर कारच्या टपावर लावायचा सामानाचा खोका, त्याला लाल रंग. अशी जोडणी अमेरिकेत हौशी लोक घरी करतात आणि ती बेकायदा नाही. स्वतःची म्हणून विकली असती तर वाद नव्हता, पण मग सतराशे कोण देणार?

शेवटी वजन. ट्रकस्टॉपच्या काट्यावर नेला. तो काटा वीस पौंडांच्या टप्प्याने दाखवतो, तरी पुरे झालं: ३२० पौंड, रिकामा. जाहिरातीतले १९० बहुधा नुसत्या फ्रेमचे असतील. 'क्षमता १,००० पौंड' मात्र खरंच होतं. ती आसाची क्षमता, आणि माझ्या गाडीला तिचा काडीचा उपयोग नाही. ४०० वजा ३२०, उरले ८० पौंड. बिग बेंडला उद्यानवाले माणशी रोज एक गॅलन पाणी ठेवा म्हणतात. दोघांचं चार दिवसांचं पाणीच साधारण ६६ पौंड भरतं. राहिलेल्या चौदा पौंडांत तंबू, शेगडी आणि संसार.

डुलण्याचं कारणही सापडलं. दांडा लांब दिसावा म्हणून खोका फ्रेमवर मागे सरकवून बसवला होता. बाथरूमच्या काट्यावर दांड्याचं टोक ठेवलं तर जेमतेम पंधरा पौंड. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांहून कमी भार पुढे आला की ट्रेलर मागे झुलायला लागतो. पुढे हलका दांडा आणि त्यावर मोठा कपलर, मग हंपवर तो उडणारच.

पोलिसांत तक्रार दिली. अधिकाऱ्याने पाटीचा फोटो घेतला, क्रमांक दिला आणि पैशांचं म्हणाल तर तो दिवाणी मामला आहे असं सांगितलं. टेक्सासमध्ये जस्टिस कोर्टात वीस हजार डॉलरपर्यंतचे दावे वकिलाशिवाय लावता येतात, पण समन्स बजावायला माणसाचं खरं नाव आणि पत्ता लागतो. बिल ऑफ सेलवरचं नाव त्या गावात कुणाचंच नाही. फोन नंबर इंटरनेटवरून घेतलेला. स्टोरेजवाल्यांकडे त्याचा गाळाच नव्हता, तो नुसता त्यांच्या आवारात उभा होता. रोखीने दिल्यामुळे बँकेतही माग नाही. त्याचं लायसन्स पाहून फोटो घेतला असता, किंवा त्याच्या घरी व्यवहार झाला असता, तर निदान दाव्याचा कागद कुणाच्या तरी दारात पोचला असता. जाहिरातीचे स्क्रीनशॉट मात्र बायकोने पहिल्याच दिवशी काढून ठेवले होते. त्यात '१९० पौंड' आणि कंपनीचं नाव दोन्ही आहे. 'आहे तसा विकला' असं बिलावर लिहिलेलं असलं तरी जाणूनबुजून खोटं सांगणं त्याने माफ होत नाही, असं एका वकील मित्राने सांगितलं. माणूस सापडला तर.

खोका काढून टाकला, टायर-बेअरिंग बदलली, दोन इंची बॉल लावला. घरी बनवलेला ट्रेलर म्हणून नोंदणीचे सोपस्कार चालू आहेत. कारच्या मागे तो बिनतक्रार चालतो, यंदा मंडळाचं मखर त्यावरूनच नेऊ.

स्पायडरसाठी अजून शोधतोय. आता विक्रेत्याकडे आधी तीन फोटो मागतो: कपलरवरचा ठसा, टायरच्या आतल्या बाजूचे चार आकडे, आणि काट्यावरच्या वजनाची पावती. बहुतेकांची उत्तरं तिथेच थांबतात. एकाने मात्र तिन्ही पाठवले. टायर २०१४ चे निघाले, पण त्याने ते स्वतःहून सांगितलं आणि किंमत कमी केली. पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन पाहणार आहे, दिवसाउजेडी, काकांना घेऊन.