पंधरा ओळींची फ्रेम

सांगलीच्या पेठेतील एका फ्रेमवाल्याकडून मी गेल्या महिन्यात अमेरिकी कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या 'स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हिनिंग' या कवितेचा स्वतः केलेला मराठी अनुवाद छापून चौकटीत बसवून घेतला. सागवानी चौकट, १२ बाय १८ इंच, छपाईसह ८५० रुपये. लाकडाचे काम उत्तम आहे. कोपऱ्यांच्या जोडात नखही शिरत नाही. काच मात्र साधी असल्याने ट्यूबलाइट नेमकी दुसऱ्या कडव्यावर चमकते.

तक्रार छपाईची आहे. १९२२ साली लिहिलेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या या कवितेत १६ ओळी असून शेवटच्या दोन अक्षरशः सारख्या आहेत. माझ्या प्रतीत पंधराच होत्या. विचारल्यावर मालक म्हणाले, "साहेब, ओळ चुकून दोनदा पडली होती, म्हणून काढली." कवितेतला घोडा बर्फ पडत असताना निर्जन रानात थांबलेल्या धन्याला 'काही चुकले तर नाही ना' असे घुंगरे हलवून विचारतो तरी, येथे साधा फोनही आला नाही.

शेवटचे कडवे पंडित नेहरूंनी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले होते, त्यामुळे आपल्याकडे ते पुष्कळांना पाठ असते आणि आधीच्या बारा ओळी कोणी वाचत नाही. निजण्याआधी बरीच वाट चालायची आहे, हे पहिल्यांदा वाचताना नुसते अंतर कळते. तेच शब्द पुन्हा आले की, रानाची ओढ न सुटलेला माणूस स्वतःची समजूत घालतो आहे, असे ऐकू येते. ती ओळ गाळली की उरतो तो पतसंस्थेच्या कॅलेंडरवर शोभणारा सुविचार. सांगलीत बर्फ कुठला, पण सांगलीवाडीला घरी जाताना आयर्विन पुलावर स्कूटर कडेला घेऊन कृष्णेचे पाणी पाहत मी उभा राहतो, तेव्हा खिशात आईच्या गोळ्या असतात आणि मागून एसटीचा हॉर्न वाजतो.

दुकानदाराने वाद न घालता चार दिवसांत फुकट नवी प्रत बसवून दिली, म्हणून पाचपैकी साडेतीन गुण. कविता छापायला देणाऱ्यांनी नमुना प्रत तपासून, ओळी मोजून मगच सही करावी.