ओटागो सेंट्रल रेल ट्रेल : रूळ गेले, चढ मात्र रेल्वेचाच राहिला

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्लाइड आणि मिडलमार्च या दोन लहान गावांना जोडणारी १५२ किलोमीटरची बारीक खडीची वाट आहे. या वाटेवर सायकल, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांनाच प्रवेश आहे, मोटारगाड्यांना नाही. शेतकऱ्यांची वाहने ती मध्येमध्ये ओलांडतात आणि काही ठिकाणी वाटेलाच महामार्ग ओलांडावा लागतो, पण एरवी मागून कोणी हॉर्न वाजवत येईल ही धास्ती दिवसभर मनाला शिवत नाही. घाटातल्या वाहतुकीत जीव मुठीत धरून सायकल चालवणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना ही मोकळीक केवढी मोठी आहे, हे वेगळे सांगायला नको. तरीही या ट्रेलचे खरे मोल केवळ वाहने नसण्यात आहे, असे मला वाटत नाही. डोंगराळ मुलुखातून जाणारी ही वाट एका जुन्या रेल्वेमार्गावर बेतलेली आहे आणि रेल्वेने सोसता येईल तेवढाच चढ स्वीकारला होता. सामान्य ताकदीच्या माणसाला ती झेपते, याचे श्रेय त्या आखणीला आहे.

हा मार्ग बांधायला १८७९ मध्ये सुरुवात झाली, १९०७ मध्ये तो क्लाइडला आणि १९२१ मध्ये क्रॉमवेलला पोहोचला. रस्त्यावरची वाहतूक वाढत गेली तसे रेल्वेचे काम आटले. शेवटी क्लाइडच्या धरणासाठी सामान वाहून झाल्यावर, १९९० मध्ये मिडलमार्चच्या पुढचा मार्ग बंद झाला आणि नंतर रूळ काढण्यात आले. ही पट्टी तुकड्यातुकड्याने विकली न जाता सरकारच्या संवर्धन खात्याकडे आली. खात्याने आणि स्थानिकांच्या विश्वस्त संस्थेने पुलांवर लाकडी फळ्या आणि कठडे बसवले, खडी दाबली आणि २००० मध्ये संपूर्ण वाट खुली केली. कमाल चढ पन्नास मीटरला एक मीटर एवढाच आहे. तुलनेसाठी सांगायचे तर आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ मीटरला एक मीटर असून तिथे गाड्यांना मागून बँकर इंजिने लावावी लागतात. ओटुरेहुआ आणि वेडरबर्न यांच्यामध्ये ही वाट ६१८ मीटर या सर्वोच्च उंचीवर पोहोचते, पण तिथला फलक दिसेपर्यंत आपण एवढे वर आलो आहोत याची जाणीवही होत नाही.

चढ सोपा आहे म्हणून वाट सोपी आहे, असे मात्र कोणी समजू नये. इथे कस लागतो तो खडीवर आणि वाऱ्यावर. बहुतेक ठिकाणी पृष्ठभाग घट्ट दाबलेला आहे, परंतु नव्याने खडी पसरलेल्या पट्ट्यांत पुढचे चाक भरकटते आणि वेग एकदम मरतो. अशा वेळी हँडल घट्ट आवळण्यापेक्षा सैल धरून, हलका गिअर ठेवून पाय चालवत राहणे बरे. ग्रॅव्हल बाईक (खडीच्या वाटांसाठीची सायकल) न्यायची असेल तर टायर चाळीस मिलिमीटरचे तरी असावेत आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी. रस्त्यावरच्या सायकलीचे अरुंद टायर इथे निरुपयोगी आहेत. भाड्याने प्रामुख्याने पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाईक मिळतात आणि पहिल्यांदा येणाऱ्याने तीच घ्यावी, असे माझे मत आहे. वारा बहुतांशी पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो. त्यामुळे क्लाइडहून निघून पूर्वेकडे जाणाऱ्याला तो अधिक वेळा पाठीशी मिळतो, पण दक्षिणेचा गार वारा सुटला की हा हिशेब कोलमडतो आणि सपाटीवरही घाट चढत असल्यासारखा दम लागतो.

लॉडर गावापासून पूलबर्नच्या घळीपर्यंतचा पट्टा हा या ट्रेलचा प्राण आहे. लॉडर सोडल्यावर मनुहेरिकिया नदीवरचा पूल लागतो, जो सुमारे ११० मीटर लांबीचा असून या वाटेवरचा सर्वांत लांब पूल आहे. तिथून वाट हळूहळू शिस्ट खडकाच्या उघड्या कड्यांमध्ये शिरते आणि गाव, शेत, तारा सगळे मागे पडते. पुढे दोन बोगदे आहेत, प्रत्येकी दोनशे मीटरच्या आसपास. आत दिवे नाहीत. मध्यावर पोहोचेपर्यंत बोगद्याच्या तोंडाचा उजेड अपुरा पडतो, म्हणून सायकलवरून उतरून बॅटरीच्या प्रकाशात चालत जाणे उत्तम. तसे चालले की बाहेर ज्याच्याकडे लक्ष गेले नसते ते दिसते: तोंडाशी नीट घडवून बसवलेले चिरे, आत खडकाच्या पापुद्र्यांसारख्या थरांचे तुटलेले काठ, भर उन्हाळ्यातही हाताला लागणारा गारवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मजुरांनी पहारी, फावडी आणि सुरुंग यांच्या बळावर हे खोदले आणि त्यासाठी ते या घळीतच तळ ठोकून राहिले. बोगद्यांनंतर पूलबर्नचा ३७ मीटर उंचीचा पूल येतो. त्याचे खांब स्थानिक दगडाचे आहेत. फळ्यांवरून चाक जाताना होणारा एकसुरी खडखडाट थांबवून मध्यभागी कठड्याशी उभे राहिले की खालचा प्रवाह आणि बांधकाम एकाच नजरेत येते.

पुढे आयडा खोऱ्यातला लांब सरळ रस्ता थोडा कंटाळा आणतो, पण ओटुरेहुआला पोहोचल्यावर हेज कारखाना पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. अर्नेस्ट हेज यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या या कारखान्यातून तारेचे कुंपण ताणण्याची हत्यारे आणि शेतीची इतर अवजारे निघत. आज तो राष्ट्रीय वारसा म्हणून जपला आहे. मला भावला तो अर्नेस्ट यांच्या पत्नी हॅना हेज यांचा वाटा. कारखान्यातला माल विकण्यासाठी त्या या मुलुखातल्या दूरदूरच्या शेतांवर सायकलवरून जात असत. तेव्हा दाबलेली खडी नव्हती, गिअर नव्हते आणि घर, मुले, धंदा असा सगळा संसार पाठीशी होता. या वाटेवर सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे नाव माहीत करून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

वेडरबर्ननंतर मॅनियोटोटोचे विस्तीर्ण मैदान उघडते आणि उत्तरेला हॉकडन रांगेचा आपल्या सड्यासारखा सपाट माथा बराच वेळ सोबत करतो. रॅनफर्ली हे या पट्ट्यातले मोठे गाव. १९०३ साली इथे उणे २५.६ अंश सेल्सियसची नोंद झाली होती, जी न्यूझीलंडमधली नीचांकी मानली जाते. हाइडजवळ ४ जून १९४३ रोजी झालेल्या रेल्वे अपघातातील २१ मृतांचे स्मारक आहे. तिथे थोडे थांबावे. हाइड ते मिडलमार्च हे शेवटचे २७ किलोमीटर मात्र मला निराश करून गेले. सावली जवळपास नाही, वळणे कमी आणि खाण्यापिण्याची सोयही नाही, त्यामुळे पाणी हाइडलाच भरून घेणे आवश्यक आहे.

सेवांबद्दल बोलायचे तर वाट वापरायला पैसे पडत नाहीत. सायकल भाड्याने देणारे व्यावसायिक एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामावर सामानही पोहोचवतात आणि ही सोय घेणे पैसे वसूल करणारे आहे. मला मिळालेल्या सायकलीचे मागचे ब्रेक पॅड झिजलेले निघाले. दुकानदाराने ते लगेच बदलून दिले, तरी निघण्यापूर्वी ब्रेक, गिअर आणि सीटची उंची तपासण्यात पंधरा मिनिटे घालवावीत. जुन्या स्थानकांवर माहितीफलक आणि शिक्के मारण्याची पेटी असते, बरोबरच्या मुलांना त्याचे फार अप्रूप वाटते. फाटके ज्या स्थितीत सापडली त्याच स्थितीत सोडावीत, कारण आजूबाजूला मेंढरे चरत असतात.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाची थोडी ओढाताण होते. कॅफेत चीज रोल, मफिन आणि उत्तम कॉफी मिळते, पण रात्रीच्या जेवणासाठी मुक्कामाच्या ठिकाणी आधी कळवलेले बरे. भारतातून चकल्या, लाडू किंवा मसाले नेणार असाल तर विमानतळावर प्रत्येक पदार्थ जाहीर करावा. न जाहीर केलेल्या खाद्यपदार्थासाठी जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो.

बहुतेक लोक ही वाट तीन ते पाच दिवसांत पार करतात. माझी पसंती एप्रिलला: क्लाइड-अलेक्झांड्राकडचे पॉपलर आणि विलो पिवळे झालेले असतात आणि ऊन भाजत नाही, मात्र सकाळी हातमोजे लागतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळातल्या खोल्या लवकर भरतात, म्हणून आरक्षण काही महिने आधी करावे. आणि ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, त्यांनी दोन्ही टोकांचा हट्ट सोडून ओमाकाऊहून सुरुवात करावी, पूलबर्नची घळ ओलांडून ओटुरेहुआला हेज कारखाना पाहावा आणि तिथून परतीसाठी भाड्याच्या गाडीची सोय आधीच करून ठेवावी.