मका, कसावा की बटाटा? स्टार्च उद्योगासाठी कच्चा माल निवडताना

स्टार्चचा कारखाना उभारू पाहणारा माणूस बहुधा आधी दोन गोष्टी विचारतो: पिकात स्टार्च किती टक्के आहे आणि त्या पिकाचा भाव काय आहे. हे प्रश्न योग्यच आहेत, परंतु माझ्या मते त्यांच्याही आधी आणखी दोन प्रश्न यायला हवेत. काढणीनंतर कच्चा माल किती दिवस टिकतो आणि स्टार्च काढून घेतल्यावर हाती काय उरते? मका, कसावा (ज्याच्या कंदापासून साबुदाणा बनतो ते पीक) आणि बटाटा ही तीन पिके या दोन प्रश्नांना इतकी वेगवेगळी उत्तरे देतात की त्यांचे कारखाने एकाच उद्योगातले असूनही त्यांचे अर्थकारण निरनिराळे असते.

प्रथम वजनाचा हिशोब पाहू. एक टन स्टार्चसाठी वाळलेला मका साधारण दीड टन लागतो, ताजा कसावा ४ ते ५ टन, तर स्टार्चसाठीच पिकवलेला बटाटा ५ ते ६ टन. कंदांच्या वजनात मोठा वाटा पाण्याचा असल्यामुळे ते दूरवरून आणणे म्हणजे पाण्याची वाहतूक करणे होय. म्हणून कंदांचा कारखाना शेताजवळच असावा लागतो. मक्याचा कारखाना मात्र बंदराजवळ, रेल्वेमार्गावर किंवा ग्राहकाच्या शेजारीही उभारता येतो.

मक्याचे मोठे बळ त्याच्या साठवणक्षमतेत आहे. नीट वाळवलेला दाणा वर्षभर टिकतो आणि त्यामुळे यंत्रसामग्री बाराही महिने चालते. दाण्याच्या कोरड्या वजनात सुमारे ७० टक्के स्टार्च असतो, पण तो प्रथिनांच्या जाळ्यात घट्ट अडकलेला असतो. तो मोकळा करण्यासाठी दाणे सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या, अल्प सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या पाण्यात ३० ते ४८ तास भिजवावे लागतात. त्यानंतर भरड दळून अंकुर वेगळा काढतात, पुन्हा बारीक दळून तंतू चाळतात, आणि स्टार्च व ग्लुटेन (दाण्यातील प्रथिने) यांच्या घनतेतील फरकाचा उपयोग करून ते वेगाने फिरणाऱ्या अपकेंद्री यंत्रांत वेगळे करतात. ही साखळी लांब आणि भांडवलखाऊ आहे, परंतु तिच्या प्रत्येक टप्प्यावर विकता येईल असे काहीतरी बाहेर पडते. अंकुरापासून तेल मिळते, सुमारे ६० टक्के प्रथिने असलेले ग्लुटेन कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि तंतू जनावरांच्या खाद्यात. भिजवणीचे पाणी आटवून केलेला अर्कही वाया जात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील पिओरिया येथील प्रयोगशाळेत पेनिसिलिनचे उत्पादन वाढवण्यात याच अर्काचा मोठा वाटा होता. मक्याच्या कारखान्याचा नफा पुष्कळदा या जोडउत्पादनांतूनच येतो. त्यामुळेच फार लहान कारखाना मला धोक्याचा वाटतो, कारण थोडेथोडे तेल आणि थोडेथोडे ग्लुटेन यांना स्थिर ग्राहक मिळत नाही.

मक्याच्या भावाला दुसरी एक बाजू आहे. अमेरिकेतील मक्याचा जवळपास एक तृतीयांश भाग इथेनॉलकडे वळतो, म्हणून इंधनाच्या बाजारातील हालचाल स्टार्चवाल्यालाही जाणवते. मात्र मक्याचे वायदे व्यवहार होतात आणि पुढील महिन्यांचा भाव आधी बांधून ठेवता येतो. कसाव्याला असा मोठा जागतिक वायदेबाजार नाही.

कसाव्याची प्रक्रिया मात्र मोहात पाडणारी आहे. कंदात प्रथिने आणि स्निग्धांश अगदी कमी असल्याने धुणे, किसणे, चाळणे, अपकेंद्री यंत्रात शुद्ध करणे आणि वाळवणे एवढ्यावर काम भागते. मिळणारा स्टार्च पांढराशुभ्र व जवळजवळ चवहीन असतो आणि त्याची खळ पारदर्शक होते. कसावा स्टार्चच्या निर्यातीत थायलंड जगात अग्रेसर आहे. परंतु उपटलेला कंद दोन-तीन दिवसांतच खराब होऊ लागतो. त्यामुळे शेतकऱ्यांशी दररोजच्या पुरवठ्याची घडी बसली नसेल, तर उत्तम यंत्रेही रिकामी राहतात. उरणाऱ्या ओल्या चोथ्यात प्रथिने नगण्य असल्याने त्याला भाव कमी मिळतो. सांडपाण्यात कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचे प्रमाण मोठे असते. त्यापासून बायोगॅस करून तोच वाळवणीसाठी वापरण्याची सोय आराखड्यातच असावी, ती नंतर जोडू असे म्हणू नये. शिवाय हे पीक खोडाच्या तुकड्यांपासून लावतात, म्हणून रोग बेण्याबरोबर प्रवास करतो. २०१५ मध्ये कंबोडियात आढळलेला कसाव्याचा मोझॅक हा विषाणूजन्य रोग पुढे शेजारच्या देशांत पसरला, तो पांढऱ्या माशीमुळे आणि अशा बेण्यामुळेच.

बटाट्याचा स्टार्च गुणांनी वेगळा आहे. त्याचे कण मोठे, काही १०० मायक्रॉनपर्यंतचे असतात आणि त्यातील फॉस्फेट गटांमुळे खळ विलक्षण दाट होते. नूडल्ससारख्या पदार्थांत या गुणासाठी ग्राहक जादा किंमत देतात. पण युरोपात या कारखान्यांचा मुख्य हंगाम शरद ऋतूत येतो आणि उरलेल्या काळात भांडवल अडकून राहते. युरोपीय संघाची बटाटा स्टार्चसाठीची कोटा पद्धत २०१२ मध्ये संपल्यानंतर या उद्योगाला बाजारावरच उभे राहावे लागत आहे, आणि बटाट्याच्या रसातील प्रथिने वेगळी काढून विकण्याचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे.

तेव्हा खोकी आणि कागद बनवणारे ग्राहक असतील, तर मका घ्यावा. ताजा कंद रोज मिळण्याची खात्री आणि पारदर्शक खळ मागणारे खाद्य उत्पादक या दोन्ही गोष्टी एकत्र असतील, तरच कसावा घ्यावा. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा आधार नसताना बटाट्याकडे वळण्याचा सल्ला मी देणार नाही.

निर्णय कोणताही झाला, तरी गहू आणि वाटाणा यांच्याकडे लक्ष ठेवावे लागेल. गव्हाच्या कारखान्यात ग्लुटेनला आणि वाटाण्याच्या कारखान्यात प्रथिनांना इतका भाव मिळतो की तेथे स्टार्च हे दुय्यम उत्पादन ठरते. प्रथिनांची मागणी वाढली की हा स्टार्च, कोणी मागितला नसतानाही, बाजारात येतो आणि तो विकणाऱ्याला त्यातून पूर्ण खर्च वसूल करण्याची गरज नसते.