देवगडच्या खाऱ्या हवेत स्टीलचं रेलिंग : दोन पावसाळ्यांनंतर

आमचं घर देवगडजवळ, समुद्रापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. जुना लोखंडी कठडा दर दोन वर्षांनी घासून रंगवायचा कंटाळा आला, म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात स्टेनलेस स्टीलचं रेलिंग बसवलं. गॅलरीला ३१६ ग्रेड आणि पैसे वाचवायला बाहेरच्या जिन्याला ३०४.

ही बचत फसली. दिवाळीपर्यंत जिन्याच्या पाइपवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग आले. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. ३०४ मध्ये ते नसतं. गॅलरीचा पाइप अजून छान आहे, फक्त वेल्डिंगनंतर बफिंग (घासून चकाकी आणणं) नीट न झालेल्या जागी डाग दिसतात. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसतो. तारेची घासणी अजिबात लावू नका. आणि चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ च, असं कोणी सांगितलं तर मानू नका, स्वस्तातलं २०२ सुद्धा चिकटत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते खांबांबद्दल. या एप्रिलमध्ये आई गॅलरीत कठडा धरून उठली आणि कोपऱ्यातला खांब हलला. आईचं वय ७४. माझ्या पोटात गोळा आला. बुडाची झाकण-वाटी वर सरकवली तर बेस प्लेटचे, म्हणजे खांबाखालच्या पट्टीचे, चारही फास्टनर (जमिनीत ठोकलेले बोल्ट) गंजलेले. खांब ३१६ चा आणि बोल्ट साधे लोखंडी! शिवाय अडीच इंची फास्टनरपैकी दोन इंच लादी आणि खालच्या मालातच गेलेले, स्लॅबमध्ये जेमतेम अर्धा इंच. तीन फूट उंचीवर दिलेला रेटा बुडाशी कितीतरी पटीने वाढतो, कारण प्लेटवरच्या बोल्टांमधलं अंतर तीनच इंच. लादीखालचा माल तो कसा पेलणार?

दुसऱ्या फॅब्रिकेटरकडून सगळे अकरा खांब काढून घेतले. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये साडेतीन इंच भोकं, ती फुंकून साफ केली, केमिकल (भोकात घट्ट होऊन रॉड धरून ठेवणारं) भरून ३१६ चेच रॉड बसवले, प्लेटच्या कडेने सिलिकॉन. यंदाचा अख्खा पावसाळा गेला, एकही खांब हललेला नाही.

तुमच्याकडे काम चालू असेल तर वाट्या बसण्याआधी स्वतः उभे राहून फास्टनरची लांबी मोजा. शक्य असेल तर लादी लागण्याआधीच खांब स्लॅबवर बसवून घ्या. जिन्याचे पाइप मी येत्या उन्हाळ्यात बदलणार आहे.